बारदानाची घडी

एक्सरेत झुंबरबाईंचे दोन्ही गुडघे सारखेच झिजलेले दिसत होते. प्रत्यक्षात डावा सरळ होत होता, उजवा होत नव्हता. ग्रामीण रुग्णालयातली फिजिओथेरपिस्ट वृषाली दोन्ही फिल्म उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहत होती.

झुंबरबाईंना कारणापेक्षा गुण येण्याची घाई होती. कोल्हारजवळच्या रस्त्यालगत एका धाब्यावर त्या चुलीवर भाकरी करत. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केल्यावर मालक भीमराज यांनी कमरेएवढा ओटा बांधून वर चूल मांडली. पण उजवी टाच जमिनीला टेकेना. सगळा भार डाव्या पायावर येई, आणि दुपारची गर्दी ओसरायच्या आतच त्या भिंत धरत.

"मावशी, दिवाळीपतूर थांबतो," भीमराज म्हणाले होते. "मग तुमच्या जागी गावातल्या चांगुणाला चुलीपुढं बसवतो. म्हंजे, उभी करतो."

"दोनी गुडघे एकाच पोटातनं आले," तपासणीच्या खाटेवर आडव्या पडून झुंबरबाई म्हणाल्या. "एकाच ताटात जेवले. मग ह्योच का रुसला?"

"तेच शोधतेय, मावशी."

वृषालीनं त्यांची डावी मांडी उभी धरली आणि पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ केला. बराच वर गेला. उजवा अर्ध्यावरच अडला.

"गुडघ्यात दुखलं?"

"गुडघ्यात न्हाई. मांडीच्या मागून वढतंय. दोरी ताणल्यावानी."

म्हणजे अडवणारं हाड नव्हतं, मांडीमागचे आखडलेले स्नायू होते. झीज भरून येत नाही, पण स्नायू सैल करता येतो. प्रश्न तरीही उरलाच: एकाच बाजूचा का आखडला?

"चुलीपुढं उजवाच पाय दुमडून बसायचात का?"

"छ्या! आलटून पालटून. एक गोळा थापला की पाय बदलायचा, न्हाईतर मुंग्या येत्यात."

सुट्टीच्या दिवशी वृषाली धाब्यावर जेवायला गेली. पिठलं-भाकरी खाऊन ती बाकावरच बसून राहिली. गर्दी संपल्यावर झुंबरबाई मागच्या पत्र्याच्या खोलीत आडव्या झाल्या. त्यांची सून सविता चुलीच्या कडेला वाळत घातल्यासारखं पसरलेलं बाजरीचं रिकामं बारदान घेऊन आली. चांगलं तापलं होतं. तिनं त्याची जाड घडी केली आणि सासूच्या उजव्या गुडघ्याखाली सरकवली. झुंबरबाईंनी डोळे मिटले.

दारात उभ्या असलेल्या वृषालीनं विचारलं, "हे रोज?"

"रोज," सविता कौतुकानं म्हणाली. "रातभर पन. इसरले तर आत्याबाई झोपंतनं हाक मारत्यात."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यात ह्योच गुडघा आधी धरला, तवापासनं."

"आणि डाव्याखाली?"

"बारदान एकच हाय ना, म्याडम."

वृषाली खाली बसली. दुखरा गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, तिनं समजावलं. पण रात्रीच्या रात्री तो तसाच राहिला, तर मागचा स्नायू आखूड होत जातो. मग पाय सरळ होत नाही, आणि वाकलेल्या पायावर उभं राहिलं की झिजलेला गुडघा जास्तच दुखतो.

सविताचा चेहरा उतरला. झुंबरबाईंना मात्र हसू फुटलं.

"ऐकलं का? गाव म्हनंल, सुनंनं मायेनं सासू लंगडी केली."

"तुमीच मागायच्या! एका राती दिलं न्हाई तर सकाळी च्या पन घेतला न्हाई."

"बारदान टाकू नका," वृषाली म्हणाली. तिनं घडी गुडघ्याखालून काढली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी राहिला आणि स्वतःच्या भारानं हळूहळू खाली जाऊ लागला.

"आई गं! ह्यात सुख कुठं हाय?"

"सुख नाही. ताण आहे. आधी मांडीखाली शेक, मग टाचेखाली घडी. थोडा वेळ ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. कळ गुडघ्यात आली तर थांबायचं. आणि रात्री गुडघ्याखाली काही नको."

पहिले काही दिवस झुंबरबाई झोपेतून हाका मारत राहिल्या. सविता उठली नाही. जागीच होते, असं तिनं नंतर वृषालीला सांगितलं.

ताण देऊन झाला की सविता सासूच्या गुडघ्याखाली हात सरकवून पाही. सुरुवातीला मूठ आरपार जायची. पुढं तळहात जाईना. दसरा झाल्यावर एके दिवशी बोटंच अडकली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा भीमराज भर गर्दीत ओट्यापाशी आले. आधी त्यांनी तव्याकडं पाहिलं, मग खाली. उजवी टाच टेकली होती. झुंबरबाईंनी कंबर ओट्याला टेकवली होती, कपाळावर आठ्या होत्या, पण हात थांबले नव्हते.

"दुखत न्हाई आता?"

"दुखतंय की. दोनी दुखत्यात. पर आता दोनी उभं ऱ्हात्यात."

"मग चांगुणाला काय सांगू?"

"पीठ मळायला ये म्हनावं."

शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर त्या मागच्या खोलीत जाऊन पडल्या. सवितानं तापलेलं बारदान आणलं. उजव्या पायाचं आटोपून ती ते उचलणार, तोच झुंबरबाईंनी तिचा हात धरला.

"डाव्या टाचंखाली पन ठिव गं. बघू तरी, त्यो काय म्हनतो."