वर गेलेला हात

वलवणच्या समीक्षाने वर्षभर एकच राग लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. गेल्या वर्षी कबड्डीच्या अंतिम सामन्यात तिचं बोट उर्से गावच्या तेजलच्या पायाला लागलं होतं. निदान तिला तरी तसं वाटलं होतं. पंचांना काही दिसलं नाही. असं झालं की ज्याला लागलं त्याने आपणहून हात वर करायचा, ही मैदानाची रीत. तेजलने हात वर केला नाही आणि करंडक उर्सेकरांनी नेला. तेव्हापासून अख्खं वलवण तेजलला खोटारडी म्हणू लागलं. बारसं अर्थातच समीक्षाने केलं होतं.

यंदा अंतिम सामना पुन्हा त्याच दोन संघांचा. सकाळी इंग्रजीच्या तासाला राजेश्वरी मॅडमनी फळ्यावर 'अनफेअरली' लिहिलं.

"म्हणजे अन्यायाने. कुणी आपल्याशी बरोबर वागलं नाही, की वापरायचा शब्द. करा वाक्य."

समीक्षा ताडकन उठली. "तेजल ट्रीटेड मी अनफेअरली."

"नक्की?"

"व्हय मॅडम. मी तितंच व्हते की."

संध्याकाळी शेवटच्या चढाईला दोन्हीकडे सारखे गुण होते. समीक्षा आत घुसली, तेजलच्या दिशेने पाय लांबवला आणि हात हलवत परतली. काही लागल्याचं तिला स्वतःलाच जाणवलं नव्हतं. पंचांनीही गुण दिला नाही. तिने वळून पाहिलं, तर तेजल हात वर करून उभी होती.

"खाली घे, येडे," तिची कप्तान दात ओठ खात म्हणाली.

"अगं, नख लागलंय तिचं," तेजल म्हणाली आणि गुमान मैदानाबाहेर गेली.

वलवणच्या पोरी नाचायला लागल्या. समीक्षाच्या अंगावर मात्र काटा आला. इतकं मोठं काही तिने जवळून कधी पाहिलं नव्हतं. हातातोंडाशी आलेला करंडक जी अशी सोडून देते, तिने गेल्या वर्षी हात वर केला नाही, म्हणजे गेल्या वर्षी लागलंच नव्हतं. आणि आपण वर्षभर गावभर काय सांगत फिरलो?

व्यासपीठावरून राजेश्वरी मॅडमनी बक्षीस घ्यायला तिचं नाव पुकारलं. ती तिकडे गेलीच नाही. तेजलजवळ जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत तिने हात वर केला.

"मॅडम, सकाळचं वाक्य खोटं व्हतं माजं," ती म्हणाली. "आय ट्रीटेड तेजल अनफेअरली."