सान्वीच्या पोटातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे काही महिन्यांची; पण माझ्या शेजारणी चार-पाच दिवसांत गळून पडतात, त्या मानाने मी म्हातारीच. माझा जन्म हाडाच्या पोकळीत झाला. रक्तातून वाहत वाहत मी कळव्याच्या सान्वीच्या आतड्यात आले आणि इथेच मोठी झाले. मला मास्ट पेशी म्हणतात. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. जंताच्या गोळीचं नाव मात्र तुम्हाला तोंडपाठ असतं.

आडपडदा कशाला ठेवू, मला त्या गोळीचा फार हेवा वाटतो. ती शाळेत येते तेव्हा तिच्यासाठी रांगा लागतात. आम्ही वर्षभर पहाऱ्यावर असतो, आमच्यासाठी कोणी कधी उभंसुद्धा राहिलं नाही.

सान्वी सहावीत होती, खो-खोच्या संघात निवड व्हावी म्हणून झटत होती. त्याच सुमारास तिच्या पोटात जंत शिरले. आतड्यातल्या टेहळणीच्या पेशींनी आधी ओळखलं आणि हाकाटी केली. मग काय सांगू, आम्ही जिवाचं रान केलं. कोणी बुळबुळीत चिकट थर ओतला. मी माझ्या पोटातलं रसायन सोडलं, त्याने भिंतीतून पाणी पाझरलं आणि आतडं जोराने आवळू लागलं. रक्तातून माझे चुलतभाऊ, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, धावून आले. पुष्कळ जंत आम्ही बाहेर लोटले. पण थोराड जंत प्रवाहाच्या उलट पोहत राहिले आणि सान्वीच्या घासातला घास खात राहिले.

"गोड खाऊन खाऊन जंत झाल्यात पोरीला," तिची आजी ठमाबाई म्हणाली आणि तिने गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सान्वीचा गूळ गेला, जंत होते तिथेच राहिले.

शाळेत गोळी मिळाली त्या दिवशी मैत्रिणींनी सान्वीला घाबरवलं, पोटात ढवळतं म्हणाल्या. तिने गोळी गुपचूप कंपासपेटीत टाकली. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. बरं झालं, म्हटलं, आता आम्हीच जिंकू आणि मग आमचं नाव होईल.

निवडीच्या दिवशी सान्वी धावता धावता मध्येच खाली बसली.

"काय गं, दम लागला?" खेळाच्या मारुती सरांनी विचारलं. "आता राहू दे. महिन्याने परत बघू."

ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. रडताना तिचं पोट हलत होतं, आणि आत मी होते. माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

आई, जया, तिला नौपाड्यात संचिता मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेली. आजीही सोबत होती. शौचाच्या तपासणीत जंतांची अंडी सापडली.

"रक्तात इओसिनोफिल वाढलेत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे शरीर आपल्या परीने लढतंय. पण गोळी लागेलच."

घ्या. कागदावर नाव चढलं, तेही चुलतभावांचं.

"हिचं गोड बंद केलंय मी," आजी म्हणाली.

"गोडाने जंत होत नाहीत, आजी. सान्वी, खेळताना हाताला काय लागतं?"

"माती. सर सांगतात, आधी मातीला नमस्कार करायचा, मग हातावर चोळायची. हात घसरत नाही ना मग."

"आणि खेळून झाल्यावर?"

"चिंच खातो. गेटवर मिळते."

"हात धुऊन?"

सान्वीने हात आजीच्या पदराखाली लपवले. मॅडमनी सांगितलं की त्या मातीत जंतांची अंडी असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

गोळी आली. जंत लुळे पडले, हे मी कबूल करते. पण त्यांना लोटून बाहेर कोणी काढलं? आतड्यानेच. तरी जया शेजारणीला म्हणाली, "एका गोळीत काम झालं बघा."

महिन्याभराने सान्वी संघात आली. आजीने गुळाचा डबा खाली काढला. सान्वी अजून मातीला नमस्कार करते, हातावर चोळते, आणि खेळ संपला की आधी नळावर जाते, नंतर चिंचेकडे. आता घरात साबणाचं कौतुक चालतं. मला त्याचाही हेवा वाटतो. निदान गोळी आत तरी येत होती.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. नखं कापा, खाण्याआधी साबणाने हात धुवा, गोळी मिळाली तर कंपासपेटीत टाकू नका. माझं नाव कोणी घेतलं नाही तरी चालेल. खोटं कशाला बोलू, चालणार नाही. पण सान्वी धावताना मध्ये बसत नाही, तेवढ्यावर मी गप्प बसते.