एक विहीर, कागदावर चार

१२ मे १९५९, मंगळवार. सकाळचे साडेदहा. अणदूरपासून दोन कोसांवरचं गाव, गावाच्या उगवतीला पाटलाचा मळा, मळ्यातली विहीर. तळाला घोटाभर पाणी. द्वारकाबाई नावाची पन्नाशीची विधवा बाई भरलेली कळशी काखेत घेऊन वर चढत असताना तळापासून अकराव्या पायरीवर तिचा पाय सटकला. ती खाली दगडावर पडली. उजवा पाय मांडीत मोडला. कळशी चेपली.

ती विहीर मी. आता बोलतेय तीही मीच. त्या गावात दुसरी विहीर नव्हती. माझं सगळं भांडण एवढ्या एका वाक्यासाठी आहे.

माझा जन्म सांगते. आताचे पाटील आण्णासाहेब, त्यांच्या आजोबांनी मला खोदवली. तीन उन्हाळे लागले. वर काळी माती, मग मुरूम, मग असा खडक की पहार टेकवली की ठिणगी उडायची. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं तेव्हा खोदणाऱ्या वडारांच्या नाईकानं दोराला दगड बांधून आत सोडला आणि माझी खोली मोजली. सात परस. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. अशी सात माणसं एकावर एक. माझ्यात मोजणीचा दोर पडला तो त्या दिवशी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाणी इतकं होतं की माझ्या चारी अंगांना चार मोटा बसवल्या. प्रत्येक मोटेला बैलांना पुढंमागं जायला उताराची धाव, पाणी ओतायला दगडी थारोळं. चारी मोटा चालू असल्या की कातड्याच्या पखाली एकदम खाली जायच्या आणि आठ बैल चार दिशांना निघायचे. माझ्या काठावर बोललेलं दोन हातांवरच्या माणसाला ऐकू यायचं नाही. पाटलाचा ऊस भिजायचा, गाव प्यायचं, जनावरं प्यायची. मला माझा गर्व होता. अजून आहे.

निजामाच्या राज्यात तहसिलीतून दर साली मुन्शी यायचे. नाव जैनोद्दीन. तट्टावरून यायचे, माझ्या थारोळ्यावर बसून पाय पाण्यात सोडायचे आणि मांडीवर वही घेऊन उर्दूत लिहायचे. पहिल्यांदा आले तेव्हा पाटलांना वाटलं होतं, विहिरीची नोंद म्हणजे एक. मुन्शींनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, धावा मोजल्या आणि चार लिहिले. विहीर कितीही मोठी असली तरी सरकारच्या लेखी ते एक भोकच, तिच्यावर रान किती भिजतं ते मोटेवरून कळतं, म्हणून आमच्याकडं मोटा मोजतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. पाटलांना ते पटलं. मलाही पटलं. माझं मोजमाप त्या माणसानं बरोबर केलं होतं.

राज्य गेलं. पुढं छप्पन्न साली आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला. तोवर माझं पाणीही खाली गेलं होतं. दोन मोटा बंद पडल्या, मग तिसरी, मग चौथी. ऊस गेला. माझ्या थारोळ्यात शेळ्या बसू लागल्या. पण गाव माझ्याकडंच यायचं. होळीपर्यंत ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून भागायचं. त्यानंतर बाया माझ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्यांवरून सात परस खाली उतरायच्या, वाटीनं कळशी भरायच्या आणि चढायच्या. त्या पायऱ्या वर्षातून एकदा गाळ काढायला उतरणाऱ्या गड्यासाठी केलेल्या. भरली कळशी घेऊन रोज चार वेळा चढण्यासाठी केलेल्या नाहीत. त्या कुणी केल्या, कशासाठी केल्या, हे मला कळतं. वर कचेरीतल्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं की ज्या गावात दोनपेक्षा कमी विहिरी असतील तिथं पिण्याच्या पाण्याची नवी विहीर बांधायची, रुंद पायऱ्यांची, वर रहाट असलेली. पाटलांकडून गावच्या विहिरींची यादी मागवली. आण्णासाहेबांनी खरं ते लिहिलं. विहीर एक, खोली सात परस.

कचेरीत दुसराही कागद होता. जुन्या उर्दू वहीची मराठी नक्कल. तिच्यात आमच्या गावापुढं चार. दोन्ही कागद एकत्र करायचा हुकूम आला. ज्या कारकुनाकडं ते काम होतं तो आळशी नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यानं आधी शेजारचं गाव तपासलं. जुन्या वहीत सहा, पाटलाच्या यादीत सहा. जुळलं. जुळणारच, तिथल्या सहाही विहिरी एकेका मोटेच्या. मग त्यानं आमचं गाव काढलं. इथं चार, तिथं एक. त्याची खात्री झाली की वही खरी आणि पाटील लबाड. नवी विहीर पदरात पाडून घ्यायला तीन विहिरी दडवल्या. त्यानं चार कायम केले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पाटलाची माहिती विश्वासार्ह नाही’.

आमच्या गावाला विहीर नामंजूर झाली. हे एप्रिलात. मे महिन्यात द्वारकाबाई पडली.

तिला वर काढलं जमिलाबीनं. तीही पाणी भरायलाच आली होती. मोटेचा जाड नाडा कमरेला बांधून ती खाली उतरली, पदर फाडून पाय बांधला आणि मग वरून चौघांनी दोघींना ओढून घेतलं. द्वारकाबाई ओरडली नाही. ती एवढंच म्हणत होती की कळशी आणा, ती सुनेच्या माहेरची आहे.

बैलगाडीतून तिला नळदुर्गला हाड बसवणाऱ्याकडं नेलं. ती तिथं वीस दिवस पडून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होती, आमच्या गावात सरकारला चार विहिरी दिसतात आणि मला एकीतबी पाणी दिसत न्हाय. ऐकणाऱ्यांत पलीकडच्या घरातला एक म्हातारा होता. गावाचं नाव ऐकून तो हसला. मग हसायचा थांबला. त्यानं विचारलं, ती चार धावांची विहीर का? ते जैनोद्दीन होते. नोकरी संपून आठ वर्षं झाली होती.

ते तिच्याबरोबर त्याच गाडीतून परत आले.

जून लागला तरी आभाळ कोरडंच होतं. आण्णासाहेबांनी अर्जावर अर्ज केले तेव्हा एकदाचे चौकशीला शांतलिंग नावाचे अंमलदार जीपमधून आले. दुपारचे चार वाजले होते. गाव माझ्या काठावर जमलं. द्वारकाबाईला बाजेवर घालून आणलं होतं. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या.

शांतलिंगांनी यादी काढली, माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “ही एक. बाकीच्या तीन?”

जैनोद्दीन पुढं झाले. त्यांनी अंमलदारांच्या कोपराला हलकंच धरलं आणि त्यांना पूर्वेच्या धावेवर नेऊन उभं केलं.

“ही एक, साहेब.” मग दक्षिणेला नेलं. “ही दोन.” तसंच तिसऱ्या धावेवर, मग चौथ्या. म्हाताऱ्याला दम लागला होता. “चार. ह्या मोटा. हेच मी लिहिलं होतं. तुमच्या चारही विहिरी एवढ्याच.”

“पण इथं विहिरी लिहिलंय, मुन्शीजी.”

“ती तुमची नक्कल. माझ्या वहीत मोट लिहिलंय.”

“कुठं?”

“पहिल्या पानावर. मथळा पहिल्या पानावर एकदाच लिहायचा, कागद जपून वापरायचा हुकूम होता. हे गाव एक्केचाळिसाव्या पानावर. तिथं नुसते आकडे.”

शांतलिंगांनी पहिलं पान मागितलं. ते जैनोद्दीनांकडं नव्हतं. जुनं राज्य मोडल्यावर वही तालुक्यांना वाटून दिली तेव्हा इकडच्या तालुक्याची पानं इकडं आली होती. पहिलं पान कुठल्याच तालुक्याचं नव्हतं. ते हैद्राबादेत राहिलं असेल, नाहीतर रद्दीत गेलं असेल. इतकी वर्षं ज्या पानामुळं बाकीच्या पानांना अर्थ होता, ते पान कुणालाच लागणार नाही असं ठरवून लोकांनी बाकीची पानं जपून ठेवली होती.

शांतलिंग वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मी होते आणि मी एक होते. पण त्याला वर दाखवायला कागद हवा होता. त्यानं आवाज खाली आणून वाट काढून दिली. तीन विहिरी मागच्या पावसात ढासळून बुजल्या, असा पंचनामा करा. पाच पंचांच्या सह्या, अंगठे. मग गावात राहिली एक, आणि नवी विहीर पुढच्या उन्हाळ्याआत मंजूर.

जमावात कुजबुज झाली. आण्णासाहेबांनी खिशातून पेन काढलं. मी त्यांना दोष देत नाही. लबाड हा शिक्का बसला होता तोही पुसला गेला असता.

जैनोद्दीन म्हणाले, “करा सही, पाटील. पाणी आलं पाहिजे. पण मग मोटांच्या वहीत मी विहिरी मोजल्या, खोटं लिहिलं, असं होतं. तेवढं मी आज ऐकून घेईन.” आणि ते थारोळ्यावर जाऊन बसले, शेळ्यांच्या लेंड्या बाजूला सारून, जिथं पूर्वी पाण्यात पाय सोडून बसायचे तिथंच.

मला वाटलं द्वारकाबाई हो म्हणेल. नव्या विहिरीची गरज तिच्याएवढी कुणाला होती? ती बाजेवर कोपर टेकून उठली.

“साहेब, बुजल्या त्या कुणाच्या रानात हुत्या?”

शांतलिंग म्हणाले, ते तुम्हीच ठरवा. द्वारकाबाईनं जमलेल्यांकडं पाहिलं. कुणी आपलं रान पुढं केलं नाही.

“बरं. आन् मागल्या पावसापतूर हुत्या म्हंता. मग आमी त्यातनं पाणी का भरत न्हवतो?”

“बाई, हे नुसतं कागदापुरतं आहे.”

“व्हय, कागदच तर म्हनतेय मी. मी सतराव्या वर्सी ह्या गावात नांदाय आले. तवापासनं ह्याच विहिरीचं पाणी भरते. तीन विहिरी सोडून मी हिच्यातच का उतरले, ह्ये बी लिवा की कागदावर. पाय मोडून घ्यायची हौस हुती म्हनून?”

कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

“चाचांनी खरं लिवलं, पाटलांनी खरं लिवलं. दोघांची कागदं एकाजागी ठेवली आन् दोघं खोटे झाले. आता मी बी अंगठा देऊन खोटी व्हऊ? तुमच्या त्या तीन विहिरी दावा साहेब. लंगडत येते, पर तिथनंच पाणी भरते.”

आण्णासाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. पंचनामा झाला नाही.

शांतलिंगांनी जाताना यादीच्या कडेला शिसपेन्सिलीनं बारीक लिहिलं, ‘एक विहीर, चार मोटा. प्रत्यक्ष पाहिले’. तो खरा माणूस होता. दोन महिन्यांत त्याची बदली झाली.

पुढच्या साली नवं राज्य झालं. नवी यादी टाइप करून आली. शिसपेन्सिलीचं टाइप होत नाही. आमच्या गावापुढं पुन्हा चार.

आज माझी अवस्था अशी आहे. उत्तरेची धाव खचली आहे. अकरावी पायरी अजून हलते. द्वारकाबाई उतरत नाही, तिच्या वाटणीची कळशी जमिलाबी भरते. द्वारकाबाई काठावर काठी टेकून उभी राहते आणि वर येणाऱ्या प्रत्येक बाईची पायरी मोजते, मोठ्यानं, अकरावी आली की थांब म्हणते. जैनोद्दीन गेल्या थंडीत वारले. मरेपर्यंत त्यांनी हैद्राबादला तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. मला बुजवा म्हणा, आटली म्हणा, म्हातारी म्हणा. पण मी एक आहे. ज्याला आकडा जोडायचा असेल त्यानं आधी तो आकडा कशाचा हे लिहिणाऱ्याला विचारावं, आणि लिहिणारा जिवंत असताना विचारावं.

नव्या यादीची एक प्रत चावडीवर चिकटवली आहे. परवा आण्णासाहेबांनी ती द्वारकाबाईला माझ्या काठावर वाचून दाखवली. तिच्यात आता जास्त रकाने आहेत. पहिली विहीर, खोली सात परस, मे महिन्यात पाणी आहे. दुसरी विहीर, खोली सात परस, मे महिन्यात पाणी आहे. तिसरी, तशीच. चौथी, तशीच. खाली शाईनं सही, आणि सहीवर शब्द, ‘प्रत्येक विहीर समक्ष जाऊन दोर सोडून मोजली’.

माझ्यात मोजणीचा दोर पडला तो वडारांच्या नाईकाचा. त्यानंतर कुणी सोडलेला नाही. आणि उरलेल्या तिघींत तो कुणी सोडला, हे त्या सहीच्या धन्यानं अजून सांगितलेलं नाही.