हिंमतरावांच्या फटफटीचा आवाज

"तिचा आवाज बदलून द्या, भाऊ," जनकाबाई म्हणाली आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

तुळशीराम मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. लोणारात त्या काळी फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण ऐट अशी, की मालकाचं तोंड दिसायच्या आधी त्याची फटफटी ओळखू आली पाहिजे. कुणी सीटला झालर लावी, कुणी हँडलला गोंडे. जनकाबाईचा नवरा हिंमतराव यानं असलं काही केलं नाही. त्यानं आवाज घडवून घेतला. तुळशीरामनं सायलेन्सरच्या पोटात भोकं पाडलेला पत्रा बसवला, तेव्हा ती बुलेट खर्जात, सावकाश, भरल्या पोटी माणूस बोलावा तशी बोलू लागली.

हिंमतराव तापानं गेला. मेहकरचं गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयार होतं, पण वस्तू डोळ्यांसमोर राहील म्हणून जनकाबाईनं फटफटी गावातल्याच उद्धवला दिली. व्यवहारात माया मिसळली की माणूस फसलाच. उद्धवनं आरसे लावले, गोंडे लावले, काळा चष्मा चढवला. आवाजाला मात्र हात लावू दिला नाही. त्यानं विकत घेतला होता तो आवाजच.

"दिवेलागणीले तो घरावरून जाते," जनकाबाई सांगू लागली. "आत्याबाईले दिसत नाही. म्हंतात, हिंमत आला, ताट वाढ. मी वाढतो. वरीस होत आलं. आता मलेच त्या घरात भेव लागते."

तुळशीरामनं होकार दिला. तो आवाज आला की त्याचीही मान वर व्हायची, आणि मग लाज वाटून खाली जायची.

उद्धव फटफटी दुरुस्तीला घेऊन आला तेव्हा पत्रा जळाला म्हणून तुळशीरामनं थाप मारली, तो उपसला, आणि पुन्हा मोह नको म्हणून कापून कुणाच्या तरी मडगार्डाला ठिगळ लावलं. बुलेट फुटाणे फुटल्यासारखी तडतडत गेली. उद्धवनं तोंड वाकडं केलं ते केलंच.

चार-सहा दिवसांनी सुनेचा हात धरून जनकाबाईची आंधळी सासू सोजराबाई स्वतः दुकानात आली. तिनं तुळशीरामला बसायलाही सांगू दिलं नाही.

"तो उद्धव होता, हे मले ठाऊक होतं," म्हातारी म्हणाली. "येडी नाही मी. पण आवाज तं माह्या पोराचा होता ना, बाबू."

जनकाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "मंग ताट काऊन वाढाले लावत होत्या?"

"वाढ म्हटलं, की तेवढा येळ तो घरात असल्यावानी वाटे."

सासू-सुना घरी गेल्या. तुळशीरामनं उद्धवची फटफटी परत बोलावली आणि नवा पत्रा घेतला. भोकं पाडली, बुजवली, पुन्हा पाडली. डोळे मिटून ऐकलं, पत्रा फेकला, दुसरा घेतला. अखेरीस बाजारात लोक म्हणू लागले, अगदी तोच आवाज. उद्धव तर खूश झाला.

तुळशीरामच्या सांगण्यावरून त्यानं दिवेलागणीला फटफटी सोजराबाईच्या दारात उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. तुळशीराम भिंतीला टेकून उभा. जनकाबाई चौकटीत. ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली, पण 'ताट वाढ' म्हणाली नाही.

मग वाटेनं जाणाऱ्या कुणालाही म्हणावं, तितक्या मायेनं ती म्हणाली, "जा बापा. तुह्या घरी वाट पाहून राह्यले असतील."