मानेपर्यंतचं काम

आमच्या जारेच्ये गावात तीनशे वर्षं संतांच्या तसबिरी रंगवल्या गेल्या, पण एकाच माणसाने सबंध तसबीर कधी रंगवली नाही. डोंगर, घोडे, झाडं, कपडे हे एकाचं काम. चेहरा आणि हात दुसऱ्याचं. कपडेवाल्याने मानेपर्यंत यायचं आणि थांबायचं, चेहऱ्याची जागा कोरी ठेवून फळी पलीकडच्या बाकावर सरकवायची. मी, लुक्यान, कपडेवाला. माझा बापही कपडेवालाच. पलीकडच्या बाकावर चेहरेवाले साव्वा काका बसत आणि मला जन्मभर एकच ऐकवत.

"कोट झकास झालाय रे लुक्यान. पण कोटाला कोणी नमस्कार करत नाही."

सतरा साली क्रांती झाली आणि संतांच्या तसबिरी बंद पडल्या. चार वर्षं आम्ही बटाट्याच्या सालींवर काढली. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की या उपाशी लोकांना निदान डबे रंगवू द्या. गावात सहकारी कारखाना निघाला. कागदाच्या लगद्याचे डबे, त्यावर काळा रोगण, त्यावर आमचं काम. देवदूत गेले, ट्रॅक्टरवाले आले. अंड्याचा बलक तोच, खारीच्या शेपटीचा कुंचला तोच, सोनं घासायला लांडग्याचा दातही तोच. साव्वा काकांनी काढलेली गवळण बघितली की गावच्या म्हाताऱ्या इकडेतिकडे बघून हळूच छातीवर क्रूस करायच्या. काकांचा काय दोष? त्यांना संतांवाचून दुसरा चेहरा येतच नव्हता.

सदतीस साली प्रांताच्या प्रदर्शनासाठी मोठी पेटी करायचा हुकूम आला. झाकणावर सुगीचा सोहळा, बेचाळीस माणसं, आणि मधोमध जिल्ह्याचे पक्षसचिव बेस्सोनोव शेतकऱ्यांना झेंडा देताहेत. तीन महिने मी कोट आणि गव्हाच्या ओंब्या काढल्या, दोन महिने काकांनी चेहरे. वर रोगणाचे सात हात चढले. पेटी आरशासारखी झाली, आणि त्याच आठवड्यात बेस्सोनोव देशद्रोही निघाला. त्याला नेलं कुठे ते कोणी विचारलं नाही. त्याच्या जागी कुर्द्यूमोव नावाचा माणूस आला.

कारखान्याचा अध्यक्ष दोरोफेयेव घामाघूम होऊन आला. खिशातून कुर्द्यूमोवचा फोटो काढून त्याने काकांच्या बाकावर ठेवला.

"साव्वा येर्मोलायिच, ते तोंड खरवडून काढा आणि हे बसवा. सोमवारी गाडी येतेय पेटी न्यायला."

"खरवडायचं नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"चेहरा खरवडत नाहीत. आमच्यात नाही ते."

हे खरंच होतं. तसबीर काळवंडली की आम्ही तिच्यावरच नवी रंगवायचो. जुन्या चेहऱ्याला सुरी लावायची नाही, मग तो कितीही वाईट काढलेला असो. आमच्या चर्चमध्ये एकेका फळीवर तीन-तीन शतकांचे संत एकाखाली एक झोपलेले होते. आमच्या लोकांचा इतिहास वाचायचा तर पुस्तकं कशाला, एक फळी पुरे.

"अहो, हा काय संत आहे का?" दोरोफेयेव जवळजवळ रडायला आला होता. "चोर होता तो! काका, माझ्या डोक्यावर टांगती तलवार आहे!"

काकांनी कुंचले पुसले, टोपी घातली आणि घरी गेले. संध्याकाळी त्यांची बायको, उस्तीन्या काकू, सांगत आल्या की काकांना सणकून ताप भरलाय.

खरं सांगतो, मला आनंद झाला. चौतीस वर्षांचा होतो, घरात दोन पोरं, आणि आयुष्यात कामावर एक चेहरा काढलेला नव्हता. चोरून फळकुटांवर काढले होते, चुलीत घातले होते. रविवारी कारखान्यात कोणी नसताना मी जाऊन बसलो. सुरी उचलली. बेस्सोनोवचा चेहरा माझ्या नखाएवढा, पण काकांनी त्याला असे डोळे दिले होते की सुरी खाली ठेवली. प्युमिसचा खरखरीत दगड तरी हलका फिरवायला हवा होता, गुळगुळीत रोगणावर बलकाचा रंग धरत नाही हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तोही उचलला आणि ठेवला. घासणं म्हणजे खरवडणंच की. घरात देव उरला नव्हता, पण हात अजून जुनाच होता. शिवाय घाईही झाली होती मला, हेही लिहून टाकतो. मी थेट रोगणावर कुर्द्यूमोव काढला, वर रोगणाचा हात दिला, मंद भट्टीत वाळवला. फोटोशी ताडून बघितला. सुंदर जमला होता.

"झाला चेहरा," सोमवारी मी दोरोफेयेवला म्हणालो. कोणी केला ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. गावात चेहरे एकच माणूस करायचा.

प्रदर्शनात पेटी शेकोटीजवळ मांडली होती. दहाव्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, कुर्द्यूमोवचं तोंड अंड्याच्या टरफलासारखं सुटून खाली पडलं आणि आतून बेस्सोनोव बघायला लागला.

आम्हा दोघांना जिल्ह्याला बोलावणं आलं. गाडीत काका माझ्या शेजारी बसले होते. ताप उतरला होता, पण दाढी वाढली होती. त्यांना माहीतच होतं की तो चेहरा त्यांनी काढलेला नाही, आणि मग कोणी काढला हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. वाटेत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "धाकट्याचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

खोलीत टेबलावर पेटी होती. मागे गुप्त पोलिसांचा निळ्या टोपीचा तरुण साहेब. आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती.

"देशद्रोह्याला आत जपून ठेवायची कल्पना कोणाची?" त्याने आधी मला विचारलं. "हा वरचा चेहरा कोणी काढला?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. मी बोललो तो एकेक शब्द खरा होता, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

"साहेब, आमच्यात चेहरे साव्वा काका करतात. मी मानेपर्यंत."

"तुमचं काय म्हणणं, म्हातारबुवा?"

"माझंच काम आहे," काका म्हणाले. "खरवडवलं नाही, म्हणून वरून काढला. हा कसला काढतो चेहरे! कान काढायला सांगा, बटाटा काढेल. बटणं काढायला ठेवलाय त्याला."

साहेब हसला. लिहून घेतलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी राग आला. माणूस माझ्यासाठी मरायला निघाला होता आणि मला वाटत होतं, बटाटा? तो चेहरा चांगला झाला होता!

मला जेवणाच्या वेळेआधीच सोडून दिलं. काकांना आतल्या दाराने नेलं. त्यांची टोपी खुर्चीवर राहिली होती. मी ती उचलायचं धाडसही केलं नाही.

पुढच्या वर्षी दोरोफेयेवने मला पलीकडच्या बाकावर बसवलं. चेहरे मी करू लागलो. मला बक्षिसं मिळाली, एकदा मॉस्कोलाही बोलावलं. दर शरदात मी उस्तीन्या काकूंची लाकडं फोडून द्यायचो, छपराची फळी बसवायचो, विहिरीचा बर्फ तोडायचो. त्या चहा द्यायच्या आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहायच्या. मी गरम गरमच पिऊन उठायचो. काकांचं नाव आमच्यात एकोणीस वर्षं निघालं नाही.

छप्पन साली काकूंना सरकारी कागद आला. साव्वा येर्मोलायिच निर्दोष होते. अडतीसच्या फेब्रुवारीत वारले. काकूंचे डोळे गेलेले, म्हणून त्यांनी मलाच वाचायला बोलावलं. मी वाचला. मग कागदाची घडी घातली, आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"काकू, तो चेहरा मी काढला होता."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"अरे, ठाऊक आहे म्हणते ना. निघायच्या आधीच सांगून गेला तो. म्हणाला, मी माझ्या अंगावर घेणार, लुक्यानची पोरं लहान आहेत. तू त्याला काही बोलू नकोस, तो स्वतः येऊन सांगेल." त्यांनी हात पुढे करून टेबलावर कागद चाचपला आणि आपल्याकडे ओढला. "तू दोन दिवसांत येशील म्हणाला होता. तिसऱ्या रात्रीपर्यंत मी तुझ्यासाठी चहाचा समोवार थंड होऊ दिला नाही."