सलग सीट

वाजिदने साखळी सैल केली, तसं इंजिन हळूहळू फियाटच्या पोटात उतरलं. रघू दोन्ही हातांनी ते सावरत होता. त्याची गाडी पावसाळ्यापासून पेणच्या या गॅरेजात उभी होती. जुन्या इंजिनाला तडा गेला, तसलं दुसरं कुठे मिळेना. शेवटी वाजिदने मोडीत निघालेल्या एका कॉन्टेसाचं इंजिन आणलं.

"पाव्हणा बसला," वाजिद गाडीखालून म्हणाला. "पण ऐसपैस बसला. गिअरचा दांडा आता खालून येणार. पुढची सीट मधोमध कापावी लागेल."

"स्टिअरिंगवरचा गिअर ठेव की तसाच."

"नाय जुळत, रघू. लावून बघितला. सीट नाय कापायची तर गाडी भंगारात घाल."

रघू हात पुसत राहिला. या सलग सीटवर त्याची बायको गोदू बसायची. गेल्या माघात ती गेली. तोवर रोह्याला लेकीकडे जाताना तिथंच, पाय वर घेऊन, मांडीवर पापडांचा डबा. सीटचं कव्हरही तिनेच शिवलेलं, जुन्या लुगड्याचं.

"दोन्ही हात आपले तिकडं वर," ती म्हणायची. "मी काय भाड्याचं पाशिंजर हाय?"

"गिअरच वर हाय गो. काय करू?"

"मग गिअरशीच लगीन करायचं होतं."

वाजिदने कातर उचलली. "कापू?"

"आण इकडं."

रघूने कव्हर कापलं नाही. मधली शिवण शोधून एकेक टाका उसवला. वाजिद बिडी ओढत बसला.

रविवारी तो गाडी घेऊन रोह्याला निघाला. नागोठण्याच्या पुढे चढ लागला, तेव्हा सवयीने डावा हात स्टिअरिंगजवळ गेला. तिथं काही नव्हतं. हात खाली आला. दांड्याची मूठ धरली, तशी बोटं शेजारच्या लुगड्याला लागली.

रोह्याला पोचल्यावर लेक भाविकाने गाडीत डोकावून पाहिलं. "बाबा, आईची सीट कापलीत?"

"उसवली."

तो निघताना शेवग्याच्या शेंगांची पिशवी आणून तिने डाव्या सीटवर ठेवली.

"मागं ठेव गो."

"मागं कशाला? इथं हाय की जागा."

"मागं ठेव."

भाविकाने बापाकडे पाहिलं, पिशवी उचलून मागे ठेवली आणि दार हळू लावून घेतलं.

रघूने कव्हरची सुरकुती सारखी केली. कुंडलिकेचा पूल गेला, पुढे सरळ रस्ता लागला. आता गिअर बदलायचं काही कारण नव्हतं. डावा हात खालीच राहिला.