शस्त्रक्रिया विभागात ‘उड्या’

पेंटरकाकांनी चाळीस वर्षांपूर्वी खेळण्यांच्या एका दुकानासाठी पोट सुटलेली अक्षरं काढली होती. ‘ठ’ बसल्या जागी पेंगतोय, ‘श’ आत्ता पडतो की मग, वेलांट्या मांजराच्या शेपटीसारख्या. दुकानदार खूश झाला, काका हात धुऊन मोकळे झाले. गेल्या वर्षी त्यांच्या पुतणीने त्या जुन्या पाटीवरून कॉम्प्युटरवर फॉन्ट तयार केला, त्याचं नाव ‘उड्या’ ठेवलं आणि तो फुकट वाटला. सोबत सूचनांचा कागद जोडला: आइस्क्रीम, सर्कस, गोष्टींची पुस्तकं, इथे खुशाल वापरा. कोर्ट, दवाखाना, स्मशान, इथे नको.

फुकटच्या वस्तूबरोबरचा कागद कोण वाचतो!

काकांना हर्नियाच्या ऑपरेशनला स्ट्रेचरवरून नेत होते. पुतणी शेजारून चालत होती. दारावर पाटी होती, ‘शस्त्रक्रिया विभाग’. अख्खी ओळ लग्नाच्या वरातीत असल्यासारखी नाचत होती.

“थांबवा,” काका म्हणाले.

“दुखतंय का?” नर्सने विचारलं.

“दुखतंय. पण पोटात नाही.”

पुतणीने वर पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यवस्थापक धावत आले.

“पेशंटची भीती जावी म्हणून मीच लावली, आजोबा. गोड आहेत ना अक्षरं?”

“अक्षरं माझीच आहेत. पण दारावर ‘श’ झोकांड्या खातोय. आत सुरी सरळ चालेल कशावरून?”

सर्जनबाई टोपी घालून बाहेर आल्या. “माझा हात स्थिर आहे, काका.”

“असेल हो. पण मला आधी पाटी दिसते, मग तुम्ही.”

काका अडून बसले. खरं तर अडून पडले. शेवटी नर्सने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मार्कर दिला. काकांनी कोपरावर रेलून तेच दोन शब्द लिहिले, ओळंबा लावल्यासारखे उभे. नर्सने पुठ्ठा बँडेजच्या पट्टीने पाटीवर चिकटवला. काकांनी एक डोळा मिटून तो पाहिला.

“चला आता.”

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापक खाटेपाशी आले. चेहरा पडलेला.

“जुनी पाटी काढली. पण फॉन्ट टाकवत नाही. मुलांच्या वॉर्डाला लावू?”

पुतणी हो म्हणणार, तोच काका म्हणाले, “आजारी मुलांना पाटीने कशाला चिडवायचं? बरे झालेले लोक कुठून जातात?”

“मागच्या दारातून.”

“मग तिथे लावा.”

दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर ‘घरी जायची वाट’ उड्या मारू लागली. संध्याकाळपर्यंत चौदा पेशंट स्वतःहून उठून तिथे जाऊन उभे राहिले. त्यांतल्या तिघांचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांना परत आणायला नर्सला दोन चकरा पडल्या.

काकांना ही बातमी पुतणीने सांगितली. टाके दुखतात म्हणून ते हसले नाहीत.

“‘घ’च्या आणि ‘री’च्या मधे जागा जरा जास्त सुटलीय,” ते म्हणाले. “तेवढी दुरुस्त कर.”